काडतुसाच्या बुडावरची अक्षरे : ती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

प्रस्तावना

भारतातल्या फौजदारी खटल्यांची निकालपत्रे वाचताना एक नोंद वारंवार भेटते. घटनास्थळी पितळेची रिकामी पुंगळी मिळाली आणि तिच्या बुडावर इंग्रजीत के. एफ. ७.६५ अशी अक्षरे होती, अशा अर्थाची ती नोंद असते. पंचांच्या सह्या होतात, पुंगळी लखोट्यात जाते, लखोट्यावर लाख लागते आणि तो लखोटा प्रयोगशाळेकडे रवाना होतो. वाचणारा बहुधा पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. या पाठात आपण तसे न करता त्या चार-पाच अक्षरांपाशी थांबणार आहोत.

पुंगळी हातात आली की तीन प्रश्न पडतात. ती कोणी तयार केली? ती कोणत्या शस्त्रातून उडाली? ते शस्त्र कोणाच्या हातात होते? बुडावरची अक्षरे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात, दुसऱ्याचे अर्धवट देतात आणि तिसऱ्याबद्दल काहीच बोलत नाहीत. हा फरक नीट कळला नाही, तर इतिहासही चुकतो आणि न्यायही. पाठ संपेपर्यंत हे तीन प्रश्न तुम्ही मनात वेगवेगळे ठेवावेत, एवढीच अपेक्षा आहे.

१. आधी शब्द नीट करू

बोलताना आपण 'गोळी' आणि 'काडतूस' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. अभ्यासात ते वेगळे ठेवावे लागतात. आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, तिच्यामागे दारू, या दोन्हींना धरून ठेवणारी धातूची पुंगळी आणि पुंगळीच्या बुडाशी मधोमध बसवलेली प्राइमरची छोटी टोपी. चाप ओढला की फायरिंग पिन प्राइमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते, वायूचा दाब वाढतो आणि गोळी नळीतून बाहेर पडते. पुंगळी मागे राहते. स्वयंचलित पिस्तुलातून ती बाजूला फेकली जाते, रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र चक्रातच राहते. रस्त्यावर पुंगळी सापडणे किंवा न सापडणे हीसुद्धा एक माहितीच असते.

पुंगळीच्या बुडावर, प्राइमरभोवती जे कडे दिसते, त्यावर ठोकलेल्या अक्षरांना आणि आकड्यांना हेडस्टँप म्हणतात. पुढे आपण त्याला 'बुडाचा शिक्का' म्हणू.

२. अक्षरे नसलेले काडतूस : १८५७

शिक्क्याचे महत्त्व समजण्यासाठी शिक्का नव्हता तो काळ आधी पाहू. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलचे काडतूस कागदाचे होते. कागदाच्या नळीत दारू आणि गोळी असे, बाहेरून वंगण लावलेले असे. शिपायाने कागदाचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने आत ठासायची. वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे ही बातमी जानेवारी १८५७ मध्ये कोलकात्याजवळच्या दमदम येथून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी हत्यार उचलले. २४ एप्रिलला मीरतेत घोडदळाच्या ९० स्वारांना काडतुसे घ्यायचा हुकूम झाला, ८५ जणांनी ती नाकारली. त्यांना बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी मीरतेत उठाव झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मीरतेत पुढे केलेली काडतुसे नव्या एन्फिल्डची नव्हती, पूर्वीपासून वापरात असलेल्या प्रकारचीच होती, असे इतिहासकार नोंदवतात. पण शिपायाने ते ओळखायचे कसे? कागदावर तो भरवसा ठेवू शकेल अशी कोणतीही खूण नव्हती. कुठे बनले, कधी बनले, कोणते वंगण लावले हे वस्तू सांगत नव्हती, सांगत होता तो अधिकारी. आणि अधिकाऱ्यावरचा विश्वास तर आधीच संपला होता. उठावाची कारणे अनेक होती आणि केवळ खुणेने तो टळला असता असे कोणी म्हणणार नाही. पण वस्तू मुकी असली की तिच्याबद्दल अफवा बोलू लागते, हे १८५७ ने दाखवून दिले.

३. पितळ आले, शिक्का आला

पुढच्या दहाएक वर्षांत कागदी काडतूस मागे पडले. ब्रिटिश सैन्याने १८६० च्या दशकात स्नायडर रायफलसाठी बॉक्सर काडतूस घेतले. त्याची पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवत. ती फाटत असे, नळीत अडकत असे. म्हणून शेवटी एकसंध, ओढून तयार केलेली पितळी पुंगळी आली.

यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात डीप ड्रॉइंग शिकवताना मी हेच उदाहरण देतो. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळाची चकती घ्यायची, ठशाने दाबून तिची वाटी करायची, मग ती वाटी एकापाठोपाठ एक अरुंद साच्यांतून ओढत लांब करायची. प्रत्येक टप्प्यावर पितळ ताठर होते, म्हणून मधून मधून तापवून मऊ करायचे. शेवटी बुडाला जोरदार ठोका देऊन त्याला आकार द्यायचा. याच ठोक्यात अक्षरे उमटतात. म्हणजे शिक्का हा नंतर केलेला नक्षीकाम नव्हे, तो घडणीचाच भाग आहे. एकाच ठशाखालून निघालेल्या हजारो पुंगळ्यांवर एकच अक्षरे असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती लागणार आहे.

शिक्का कशासाठी? सैन्याला हिशेब हवा असतो. एखाद्या रायफलीत काडतूस फुसके निघाले किंवा पुंगळी फुटली, तर ते कोणत्या कारखान्याचे आणि कोणत्या वर्षीचे हे कळले पाहिजे. जुना साठा आधी वापरायचा असतो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जातींची सरमिसळ टाळायची असते. शिक्का हा आधी कोठारातल्या कारकुनासाठी होता, तपास अधिकाऱ्यासाठी नव्हे.

याच काळात, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला. खडकीचे नाव आपल्याला ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे माहीत असते. दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य आणि कंपनीचे सैन्य तिथे समोरासमोर आले आणि पेशवाई अस्ताला लागली. त्याच गावच्या परिसरात बावन्न वर्षांनी इंग्रज सरकारची काडतुसे बनू लागली. इंग्रज या गावाला 'किरकी' म्हणत. के. एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी. गावाचे इंग्रजी स्पेलिंग पुढे बदलले, पण पहिले अक्षर तेच राहिल्याने शिक्का बदलावा लागला नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत आहे.

४. एक शिक्का वाचू या

समजा तुमच्या हातात जुन्या .३०३ रायफलची पुंगळी आहे आणि तिच्यावर के, बाण, एफ, ४२ आणि रोमन सात एवढे आहे. आता एकेक खूण घेऊ.

के. एफ. : कारखाना, खडकी. इतर भारतीय कारखान्यांची अक्षरेही अशीच नावांवरून आली आहेत. ओ. एफ. व्ही. म्हणजे वरणगावची आयुध निर्माणी. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ १९६४ मध्ये ती सुरू झाली.

बाण : तीन रेघा एका टोकाला मिळतात, अशी पक्ष्याच्या पावलासारखी खूण. ही ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची निशाणी. तोफा, तंबू, हत्यारे अशा सगळ्या सरकारी वस्तूंवर ती असे. 'हा माल सरकारचा आहे, तुमच्याकडे असेल तर तो कसा आला ते सांगा' असा तिचा अर्थ.

४२ : वर्ष, १९४२. दुसऱ्या महायुद्धाचा ऐन मध्य.

रोमन सात : काडतुसाचा नमुना, म्हणजे मार्क सात. टोकदार गोळीचा हा नमुना १९१० मध्ये आला. १९४४ च्या सुमारास रोमन आकड्यांऐवजी साधे आकडे आले. त्यामुळे वर्षाचा आकडा पुसट झाला असला, तरी रोमन की साधा हे पाहून काळाचा अंदाज करता येतो.

आकड्यापुढे झेड असेल, तर आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू आहे. डब्ल्यू असेल तर गोळी चिलखतभेदी, जी असेल तर मागे प्रकाशाची रेघ सोडणारी, बी असेल तर आग लावणारी. ही अक्षरे इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेतच असे नाही, हे ध्यानात ठेवा. तर्काने अर्थ लावायला गेलात तर फसाल. लघुरूपांचा कोश पाहावा लागतो, जसा मोडी कागदातल्या लघुरूपांसाठी पाहावा लागतो.

५. आकडा : माप की नाव?

आता ७.६५ या आकड्याकडे वळू. इंग्रजी पद्धतीत नळीचा व्यास इंचात सांगतात, युरोपीय पद्धतीत मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मग .३०३ म्हणजे ७.७ मिलिमीटर, .३०० म्हणजे ७.६२ मिलिमीटर, इथपर्यंत गणित जुळते.

पण ७.६५ चेच इंग्रजी नाव .३२ आहे, आणि .३२ ला २५.४ ने गुणले तर ८.१३ येते. चूक कुठे झाली? चूक झालेली नाही. नळीच्या आत पीळदार खाचा असतात. काही नावे दोन उंचवट्यांमधले अंतर सांगतात, काही खाचांमधले, तर काही नावे जुन्या नमुन्यावरून चालत आलेली असतात. .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाच्या आसपास जाड असते. .३८ स्पेशलची गोळी .३५७ इंचाची असते. बुडावरचा आकडा हे काडतुसाचे नाव आहे. ते मापावरून पडले असेल, पण ते माप नव्हे. व्हर्नियर कॅलिपर घेऊन शिक्का खोटा ठरवायला निघणारा विद्यार्थी दरवर्षी एखादा तरी भेटतो.

म्हणून नुसत्या व्यासाने काडतूस ओळखता येत नाही. ७.६२ × ३९ आणि ७.६२ × ५१ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. दुसरा आकडा पुंगळीची लांबी सांगतो. एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही. पुढे आर असेल तर पुंगळीच्या बुडाला कड आहे. ए. सी. पी. म्हणजे ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल. ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग आणि .३२ ए. सी. पी. ही एकाच काडतुसाची दोन नावे. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले हे काडतूस १८९९ पासून बाजारात आहे. बेल्जियममध्ये त्याला एक नाव मिळाले आणि अमेरिकेत दुसरे. तुम्ही १९२० चा अमेरिकन खटला आणि २०१७ चा भारतीय खटला शेजारी ठेवून वाचत असाल, तर .३२ आणि ७.६५ हे एकच आहेत हे माहीत असायला हवे.

६. आकड्याचे राजकारण

आकडा तांत्रिक वाटतो, पण तो कायद्यातही जातो. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारत आणि सुदान इथे .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी केली. कारण साधे होते. सरकारी मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती पडल्या होत्या आणि शिकाऱ्यांच्या काडतुसांतली गोळी त्यांना उपयोगी पडली असती. मग इंग्लंडमधल्या बंदूक कारखानदारांनी .४६५ आणि .४७० अशी नवी काडतुसे काढली. शिकारीच्या पुस्तकांत हे विचित्र आकडे दिसतात, त्यांच्या मागे वाघ-हत्ती नसून राज्यकर्त्यांची धास्ती आहे.

तीच धास्ती दुसऱ्या एका वस्तूत दिसते. भारतात पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी काही ली-एन्फिल्ड रायफलींच्या नळ्यांतल्या खाचा काढून त्या .४१० च्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या बंदुका केल्या गेल्या. त्यांचे काडतूस .३०३ च्या पुंगळीवरूनच बनवले होते. बंदूक पळवली गेली, तरी सैन्याचे काडतूस तिच्यात बसू नये ही योजना.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या नियमांतल्या पहिल्या परिशिष्टात निषिद्ध शस्त्रांची यादी आहे. .३०३ किंवा ७.६२ चे सैनिकी काडतूस ज्यात बसते ती रायफल निषिद्ध. .४१० मस्केटचे काडतूस घेणारी बंदूक निषिद्ध. सैनिकी ९ मिलिमीटर, .३८० किंवा .४५५ चे काडतूस घेणारे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर निषिद्ध. कसोटी 'शस्त्र किती घातक' ही नाही. 'सरकारचे काडतूस त्यात बसते का' ही आहे. १९०७ चाच तर्क नव्या राज्याने पुढे चालवला. राज्यकर्ते बदलले, कोठाराची काळजी तीच राहिली.

म्हणून परवानाधारक नागरिकाला भारतात .३१५ ची रायफल आणि .३२ चे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर मिळते. .३२ पिस्तुलाचे काडतूस म्हणजे आपले ७.६५. सरकारी कारखाना ते नागरिकांसाठी बनवतो. पंचनाम्यांत के. एफ. ७.६५ इतक्या वेळा का दिसते, याचे एक मोठे कारण हे आहे. ते आपल्याकडचे कायदेशीर, देशी आणि सर्वसाधारण काडतूस आहे. गावठी कट्टे बनवणाराही जे काडतूस मिळते त्याच मापाची नळी करतो.

७. शस्त्राच्या अंगावरची अक्षरे

काडतुसाइतकेच शस्त्रही बोलके असते. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली महायुद्धाच्या काळातली रायफल पाहिली, तर तिच्यावर मुकुट आणि जी. आर. आय. ही अक्षरे दिसतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जॉर्ज, राजा आणि सम्राट. पुढे त्याच कारखान्याच्या रायफलीवर मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह आणि आर. एफ. आय. म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर ही अक्षरे आली. रायफलीची रचना तीच, मालक वेगळा. सत्तांतर पोलादावर असे वाचता येते.

इटलीच्या बेरेटा कंपनीचे १९३४ च्या नमुन्याचे पिस्तूल घ्या. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या या नमुन्याच्या पिस्तुलाने झाली. त्याचा क्रमांक ६०६८२४. या नमुन्यावर ९ कोर्तो असे लिहिलेले असते. कोर्तो म्हणजे आखूड, कारण पुंगळी १७ मिलिमीटरची आहे आणि नेहमीच्या ९ मिलिमीटर पॅराबेलमची १९. इटालियन सैन्यासाठी बनलेल्या पिस्तुलांवर इसवी सनाच्या जोडीला एक रोमन आकडाही असे. तो मुसोलिनीच्या राजवटीचा शक. ऑक्टोबर १९२२ पासून मोजलेला. १९३४ शेजारी बारा असे लिहिलेले असले, की कारखान्यानेही हुकूमशहाची कालगणना स्वीकारली होती, हे कळते.

क्रमांकाचे सामर्थ्य दाखवणारी घटना त्याआधीची. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रोडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि कंपनीकडे क्रमांकांची नोंद होती. त्यामुळे पुढच्या घटनांत सापडलेले माउझर त्या पन्नासांपैकी आहे की नाही हे सरकारला ठरवता आले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात ही पिस्तुले अशीच मोजलेली दिसतात. काडतुसांवर असा एकेकटा क्रमांक नव्हता. पिस्तूल व्यक्तीसारखे मोजता येते, काडतूस फक्त गटाने.

आणि अक्षरे खोटेही बोलतात. गावठी पिस्तुलांवर 'मेड इन यू. एस. ए.' किंवा 'मेड इन इटली' ठोकलेले असते. ते गिऱ्हाइकासाठी लिहिलेले असते. बनावट ताम्रपटाबद्दल इतिहासात जी सावधगिरी शिकवतात, तीच इथेही लागू आहे. लिहिणाऱ्याला आपण वाचणार हे माहीत होते, म्हणून त्याने काय लिहिले याबरोबरच का लिहिले हेही विचारा.

८. पुंगळीवरचे दुसरे लेखन

आता आपण पाठाच्या मध्यावरच्या मुद्द्याशी आलो. पुंगळीवर दोन लेखने असतात. पहिले कारखान्याचे, हेतुपूर्वक केलेले. दुसरे शस्त्राचे, कोणाच्याही मनात नसताना झालेले. फायरिंग पिन प्राइमरवर खड्डा पाडते. दाबाने पुंगळी मागे आदळते आणि तिथल्या पोलादाचे ओरखडे पितळावर उमटतात. पुंगळी बाहेर ओढणारी आकडी आणि फेकणारा दांडा आपापली खूण ठेवतात. गोळीवर नळीतल्या खाचांच्या रेघा पडतात. ही सगळी पृष्ठे हत्यारांनी कापलेली, घासलेली असतात, वापराने झिजलेली असतात. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन पिस्तुलांच्या खुणांतही फरक सापडतो.

१९२० च्या दशकात दोन वस्तू एकाच दृष्टिक्षेपात शेजारी दाखवणारा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक या कामासाठी वापरात आला. त्याची पहिली मोठी परीक्षा अमेरिकेतल्या सॅको आणि व्हान्झेटी यांच्या खटल्यात झाली. १५ एप्रिल १९२० रोजी साउथ ब्रेनट्री इथल्या दरोड्यात दोघांचा खून झाला. .३२ च्या चार पुंगळ्या मिळाल्या. दोन पीटर्स कंपनीच्या, एक विंचेस्टरची, एक रेमिंग्टनची. त्या शिक्क्यांनी आरोपीविरुद्ध काय सिद्ध झाले? फारसे काही नाही. या कंपन्यांची काडतुसे सर्वत्र विकली जात. १९२७ मध्ये कॅल्व्हिन गोडार्ड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून विंचेस्टरची पुंगळी सॅको यांच्या कोल्ट पिस्तुलातून उडाल्याचा निष्कर्ष दिला. दोघांना २३ ऑगस्ट १९२७ रोजी देहदंड झाला. वाद मात्र आजही चालू आहे, कारण पुंगळी आणि पिस्तूल मधल्या काळात कोणाकोणाच्या हातांतून गेले यावरच शंका आहेत. पुरावा कितीही चांगला वाचला, तरी तो जपलेला नसेल तर वाचन लटके पडते.

भारतात कोलकाता पोलिसांनी १९३० मध्ये शस्त्रतज्ज्ञ नेमून छोटी प्रयोगशाळा सुरू केली. १९५२ मध्ये तिथेच देशातली पहिली राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा झाली.

९. बंगळूर, ५ सप्टेंबर २०१७

त्या संध्याकाळी बंगळूरच्या राजराजेश्वरी नगरात पत्रकार गौरी लंकेश यांची त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. त्याआधी ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला एम. एम. कलबुर्गी यांची, त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळीबार होऊन २० फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर यांची हत्या, अशा घटना घडल्या होत्या. शहरे वेगळी, राज्ये दोन, तपास यंत्रणाही वेगवेगळ्या. त्यांच्यात काही धागा आहे का, हा प्रश्न लोक विचारत होते. ७.६५ हा आकडा या तपासांत पुन्हा पुन्हा आला.

आता आपण शिकलेले लावून पाहा. दोन घटनांत ७.६५ ची काडतुसे वापरली गेली, एवढ्यावरून शस्त्र एकच होते असे म्हणता येईल का? नाही. हे देशातले सर्वसाधारण काडतूस आहे. दोन्हींकडे एकाच कारखान्याचा शिक्का सापडला तर? तरीही नाही. एका ठशाखालून हजारो पुंगळ्या निघतात, हे आपण तिसऱ्या भागात पाहिले. धागा शोधायचा तर दुसऱ्या लेखनाकडे जावे लागते. बंगळूरच्या मडिवाळ भागातल्या कर्नाटक राज्य प्रयोगशाळेने तेच केले. विशेष तपास पथकाने न्यायालयापुढे मांडलेला निष्कर्ष असा, की कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावर ७.६५ च्या एकाच गावठी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या. दोन वर्षांच्या अंतराने, जवळपास चारशे किलोमीटर दूर पडलेल्या पुंगळ्या एकमेकींशी ताडून पाहता आल्या. गावठी पिस्तुलावर कारखान्याचे नाव नसते, क्रमांक नसतो. पण ते ओबडधोबड घडवलेले असते आणि ओबडधोबड पृष्ठभाग आपली खूण अधिक ठळक ठेवतो. नाव लपवणाऱ्या शस्त्राची सही पितळावर उमटते.

ही बाजू जितकी खरी, तितकीच दुसरीही. दाभोलकर खटल्याच्या तपासात वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या मतांत अंतर पडले आणि तिसरे मत घेण्यासाठी सीबीआयने स्कॉटलंड यार्डपर्यंत विचारणा केली. करार नसल्याने तिथून मदत मिळाली नाही. तिथे वर्षे गेली. खुणा जुळतात की नाही हे शेवटी प्रशिक्षित माणूस डोळ्यांनी ठरवतो. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००९ च्या अहवालानेही या पद्धतीत चुकीचे प्रमाण नेमके मोजलेले नाही, यावर बोट ठेवले होते. आणि जुळणी पक्की झाली, तरी ती शस्त्रापर्यंत पोचवते, हातापर्यंत नाही. हाताचा प्रश्न साक्षी, कबुली, फोनच्या नोंदी आणि न्यायालय यांचा.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. कलबुर्गी हे कन्नड शिलालेखांचे मोठे अभ्यासक होते. दगडावर आणि तांब्यावर कोरलेले कोणी, कोणासाठी, कधी कोरले, कुठे खोडले, कुठे नंतर घातले हे पारखण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या मृत्यूचा शोधही धातूवरच्या खुणा वाचूनच पुढे सरकला. ज्या शिस्तीने ते लेख वाचत, ती शिस्त त्या पुंगळ्या वाचणाऱ्याकडे असावी, हे मागणे अवाजवी नाही.

सारांश

बुडाचा शिक्का हिशेबासाठी जन्माला आला. तो कारखाना, काळ, नमुना आणि काडतुसाचे नाव सांगतो. त्यावरचा आकडा हे नाव आहे, माप नव्हे, आणि त्या आकड्यामागे अनेकदा राज्यकर्त्यांचे भय असते. शस्त्रावरच्या अक्षरांत सत्तेचा इतिहास वाचता येतो, पण तीच अक्षरे खोटीही असू शकतात. पुंगळीवरच्या अनाहूत खुणा शस्त्रापर्यंत नेतात, त्याही वाचणाऱ्याच्या कौशल्याच्या आणि पुरावा जपण्याच्या मर्यादेत. पुढच्या वेळी बातमीत 'सरकारी कारखान्याची काडतुसे सापडली' असे वाचाल, तेव्हा हा पहिल्या प्रश्नाचा पुरावा आहे की तिसऱ्याचा, एवढे स्वतःला विचारा.

स्वाध्याय

१. एका पुंगळीवर के, बाण, एफ, ४५ आणि ७ झेड असे आहे. प्रत्येक खुणेचा अर्थ लिहा. हीच पुंगळी १९४२ ची असती तर नमुन्याचा आकडा कसा लिहिलेला असता?

२. १९०७ ची .४५० वरील बंदी, .४१० ची पोलिसी बंदूक आणि शस्त्र नियमांचे पहिले परिशिष्ट यांतला समान तर्क पाच-सहा वाक्यांत मांडा. तो लोकशाही राज्याला शोभतो का? तुमचे मत कारणांसह द्या.

३. पुंगळीवरची 'हेतुपूर्वक' आणि 'अनाहूत' अशी दोन लेखने आपण वेगळी केली. तुमच्या गावातले एखादे जुने नाणे, भांडे किंवा यंत्र घ्या आणि त्यावरची ही दोन्ही लेखने शोधून लिहा.

४. सॅको-व्हान्झेटी खटल्यात शिक्क्याने काय सिद्ध झाले नाही आणि सूक्ष्मदर्शकाच्या निष्कर्षावर शंका का राहिली, हे स्वतःच्या शब्दांत सांगा.